दहा वाजताची दाढ

“ऑनलाइन अपॉइंटमेंटचं येतं ना तुम्हाला?” दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“येतं की! त्यात काय अवघड आहे?” सुजलेला गाल सावरत वेबसाइटवाला म्हणाला.

त्याला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. रंग, बटणं, हसरे फोटो असं वेबसाइटचं दर्शनी रूप तो झकास करायचा. बटण दाबल्यावर मागे जे घडावं लागतं, त्याच्या वाटेला मात्र तो कधी गेला नव्हता. पण नोकरी सोडून घरून कामं घ्यायला लागल्यापासून गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायची त्याने धास्तीच घेतली होती. त्यात सौदा असा, की त्याने दवाखान्याची वेबसाइट करायची आणि बाईंनी त्याची अक्कलदाढ फुकट काढायची. दाढ इतकी ठणकत होती, की त्याने विमान चालवायलासुद्धा होकार दिला असता.

“तुला जमतं हे?” घरी बायकोने विचारलं.

“शिकेन की करता करता.”

“बाईंना तसं सांगितलंस?”

“असं कोणी सांगतं का?”

इकडचं तिकडचं जोडून त्याने पान उभं केलं आणि स्वतःच पेशंट होऊन सोमवारची वेळ मागितली. ‘तुमची दहाची वेळ पक्की झाली,’ असं हिरव्या अक्षरांत उमटलं. तो इतका खूश झाला, की त्याने पान लगेच सगळ्या पेशंटांसाठी खुलं केलं आणि दाढ काढायला तीच वेळ ठेवून तो मोकळा झाला.

सोमवारी तो पोचला तेव्हा दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाचा एक हात गालावर आणि दुसऱ्या हातात मोबाइल.

“माझी दहाची वेळ आहे,” एक आजोबा म्हणाले.

“माझीही दहाचीच!”

“हे बघा, हिरव्या अक्षरांत आलंय!”

वेबसाइटवाल्याने आपला मोबाइल पाहिला आणि तोही भडकला. “अहो, दहाची वेळ माझी आहे!”

मग तो गोंधळला. घरी तर सगळं सुरळीत चाललं होतं! बऱ्याच वेळाने त्याच्या डोक्यात उजेड पडला. घरी पेशंट एकच होता. कोणी कुठली वेळ घेतली हे ते पान लक्षातच ठेवत नव्हतं. येईल त्याला ते मोठ्या प्रेमाने दहाची वेळ देत होतं.

“कुठल्या गाढवाने केलंय हे?” आजोबांनी त्यालाच विचारलं.

“कोण जाणे,” असं म्हणून तो भिंतीवरचं दातांचं चित्र मन लावून पाहू लागला.

तेवढ्यात बाई बाहेर आल्या. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. “तुम्ही आत या,” त्या शांतपणे म्हणाल्या. त्या शांतपणाची त्याला फार भीती वाटली.

खुर्चीत बसवून त्यांनी त्याच्या दाढेचा एक्स-रे काढला. तो उजेडात धरला, मग आडवा धरला, मग उलटा. एक खण उघडला आणि काहीच न घेता बंद केला.

“डॉक्टर, अशी दाढ काढायचं येतं ना तुम्हाला?” त्याने विचारलं.

“येतं की! त्यात काय अवघड आहे?”

हे वाक्य त्याच्या चांगलंच ओळखीचं होतं. ते कधी म्हणतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? फुकटची दाढ हातची जाणार हे कळत असूनही तो ताडकन उठून बसला.

“बाई, मला ते अपॉइंटमेंटचं येत नाही. मी थाप मारली. माझा एक मित्र आहे, तो करतो असली कामं.”

बाईंनी खोलीचं दार लोटलं आणि स्टुलावर बसकण मारली. “सुटले बाई! अहो, तुमची दाढ हाडात आडवी रुतलीय. अशी मी कधीच काढलेली नाही. पेशंटला नाही कसं म्हणायचं, तेच मला कळत नाही. माझी एक मैत्रीण आहे, ती काढते.”

दोघांनी एकमेकांना नंबर दिले. मग बाहेर जाऊन दोघांनी मिळून सगळ्यांची माफी मागितली. आजोबांनी ‘गाढव’ हा शब्द दोघांत समान वाटून दिला.

दुपारी तो गाल धरून घरी आला.

“निघाली दाढ?” बायकोने विचारलं.

“ती दुसऱ्या डॉक्टर काढणार.”

“आणि वेबसाइट?”

“ती दुसरा करणार.”

“मग सकाळभर तुम्ही दोघांनी केलं काय?”

“खरं बोललो,” तो म्हणाला आणि तिने गाल शेकायला गरम पाणी आणेपर्यंत शांत झोपून गेला.