पिवळ्या डागाची चौकशी

सकाळचा चहा घेऊन हेडमास्तर बागेत आले आणि हिरवळीच्या मधोमध त्यांना परातीएवढा पिवळा डाग दिसला. चहा जागच्या जागी गार झाला. निवृत्तीनंतर एवढी एक हिरवळच काय ती त्यांचं ऐकत होती, आणि दोन आठवड्यांनी साडू मुक्कामाला येणार होते. साडूंच्या हिरवळीला वसाहतीचं बक्षीस मिळालं होतं आणि फोनवर ते ही गोष्ट ‘हॅलो’च्या आधी सांगत.

“अहो, तिथं ना मी—” खिडकीतून बायको म्हणाली.

“थांब! आधी चौकशी. साक्षीदार नंतर.”

शाळेतही त्यांची हीच पद्धत. कुणी शिट्टी मारली की अख्खा वर्ग उन्हात उभा, आणि ज्याच्यावर संशय तो ऑफिसात पंख्याखाली बसलेला. डागाभोवती त्यांनी काड्या रोवून सुतळी बांधली. “रोग कळेपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही. बाकीच्या गवताचा बंदोबस्त मी करतो!”

हिरवळीवरून ते चालून आले. पावलांचे ठसे तसेच राहिले; दबलेलं गवत उठेना. “तहान!” म्हणून पाइप दिवसभर चालू राहिला. चिखलात भूछत्रं उगवली. “बुरशी!” औषधाच्या बाटलीवर चमचाभर लिहिलं होतं; हे गवत मठ्ठ, म्हणून त्यांनी दोन चमचे घातले. गवतानं माना टाकल्या. “कुपोषण!” मग मुठी भरभरून खत पडलं आणि उरलंसुरलं करपलं. आता मुळं खाणाऱ्या अळीशिवाय संशयित उरला नव्हता. हेडमास्तर खुरपं घेऊन बसले. सगळी बाग उकरल्यावर एक गांडूळ सापडलं. त्याला ताकीद देऊन सोडण्यात आलं.

“अहो, मी काय म्हणते—”

“हात वर करून बोलावं!”

बायकोनं खरंच हात वर केला. तोवर हेडमास्तर पुढच्या खड्ड्यात वाकले होते.

साडू आले आणि फाटकातच थबकले. चहूकडे खड्डे आणि करपलेली माती. मधोमध, सुतळीच्या आत, गवताचा एक गोल लुसलुशीत तुकडा.

“साडूभाऊ, एवढंच कसं हो राखलंत? काय केलंत याला?”

“याला... काहीच नाही.”

“तरीच!”

हेडमास्तरांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तसे खड्डे तयारच होते. मागं बायको एका हातात चहाचा ट्रे सावरत, दुसरा हात वर करून उभी होती.

“बोल,” ते पडेल आवाजात म्हणाले.

“मी घमेलं धुऊन तिथं उपडं घातलं होतं. उचलायचं विसरले चार-पाच दिवस. ऊन नाही मिळालं, म्हणून पिवळं पडलं बिचारं. दुसरं काय!”

“मग आधी नाही का सांगायचं?”

“हात वर केला होता. तुमची नजर माझ्या बाकापर्यंत आली कुठे?”

बायकोनं ट्रे खाली ठेवून खड्डे बुजवायला तेच घमेलं त्यांच्या हातात दिलं. साडूंनी कुणाला न विचारता व्हरांड्यातली हेडमास्तरांची खुर्ची बाहेर ओढली आणि देखरेखीसाठी तिच्यात ऐसपैस बसले.

“हां, साडूभाऊ, पहिला खड्डा!”