मंगळावरची हवा आणि जाधव सर

आमच्या वर्तकनगरच्या इमारतीत पाण्याचा पंप जरी बिघडला, तरी जाधव सर मंगळापासून सुरुवात करतात.

"मंगळावरही एके काळी पाणी होतं, दाट हवा होती," सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते उभे राहतात. "पोटातलं वितळलेलं लोखंड घुसळलं जात होतं, तोवर ग्रहाभोवती चुंबकत्वाचं कवच होतं. गाभा थंडावला, कवच गेलं. मग सूर्याकडून सुटलेल्या कणांनी हवा हळूहळू खरवडून नेली. लिहून घ्या!"

सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आमचे सेक्रेटरी आज्ञाधारक. इतिवृत्तात 'मंगळावरील हवेबाबत चर्चा झाली, ठराव नाही' अशी नोंद आहे.

गेल्या वर्षी सरांच्या पत्नी शालिनीताई गेल्या. त्या असताना त्यांच्या घरात कोणी ना कोणी बसलेलं असायचं. सर तेव्हाही मंगळावरच असत, पण ऐकायला माणसं होती. आता कोणी फिरकत नाही. फ्लॅट विकून मुलाकडे बंगळुरूला जायचं सरांनी ठरवलं. एजंट गिऱ्हाइकं आणू लागला. एकाने सहज विचारलं, "हवा खेळती आहे ना?" सरांनी त्याला पाऊण तास हवेचा चार अब्ज वर्षांचा इतिहास सांगितला. तो परत आला नाही.

"सर, नका ना जाऊ," मी म्हणालो.

"गाभा गेला की हवा टिकत नाही. एवढं साधं आहे."

मी चिडलो. "मग शुक्राचं काय? त्याच्या गाभ्यातून कुठे कवच तयार होतं? तरी त्याची हवा आपल्यापेक्षा कितीतरी दाट!"

"शुक्राचं नाव काढू नका. मागच्या बाकावरचं कार्टं आहे ते!" म्हणत सरांनी दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी सकाळी तेच माझ्या दारात.

"तुमचा मुद्दा तपासला. सगळं गाभ्यावर नसतं. ग्रह केवढा, आतून किती वायू बाहेर येत राहतो, त्यावरही असतं. इतकी वर्षं पोरांना मी अर्धंच शिकवलं."

"मग?"

"एजंटला म्हटलं, जरा थांब." ते थोडे घुटमळले. "परवा बुद्धपौर्णिमा. शालिनी दरवर्षी बिल्डिंगभर खीर वाटायची. माझं काम फक्त ढवळायचं. सोळा घरांना दूध किती लागतं, वहिनींना विचाराल? तिला विचारायचं राहूनच गेलं."