खांबेटे आणि स्वस्त रायफलीचा चाप

सिंगापुरातल्या आमच्या इमारतीतले खांबेटे लिफ्टचं बटण डोळे मिटून दाबतात. दाबलं की क्षणभर थांबतात आणि निकाल देतात. "चौथ्या मजल्याचं बटण थकलंय, साने. फार तर वर्षभर काढेल." चोआ चू कांग या आमच्या उपनगरातल्या त्या लिफ्टमधला अनोळखी माणूस यावर एक तर हसतो, नाहीतर मधल्याच मजल्यावर उतरतो. माझी मुलगी म्हणते, "बाबा, अंकल व्हेरी फनी लाह."

खांबेटे एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहेत. तिथे यंत्रांची बटणं बनतात. एकेक बटण लाखो वेळा दाबून ते कधी दगा देतं हे बघायचं, हे त्यांचं काम. वय पंचावन्नच्या पुढे, माणूस एकटा, शुद्ध शाकाहारी. घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन जिन्यापर्यंत पोचवून येतात.

आणि या माणसाला नाद आहे शिकारीच्या रायफलींचा. त्यातही स्वस्तातल्या.

सिंगापुरात नुसती गोळी खिशात सापडली तरी माणूस आत जातो. त्यामुळे खांबेट्यांचा सगळा व्यवहार लॅपटॉपवर. शनिवारी सकाळपासून परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ लावायचे, चित्राकडे पाठ करून बसायचं आणि फक्त चाप ओढल्याचा आवाज ऐकायचा. "ऐकलंत? मधे अडखळला. चाप कसा, पिकल्या फळाच्या देठासारखा सुटला पाहिजे. ओढावं लागलं की संपलं."

"पण स्वस्तातलीच रायफल का हो?" मी एकदा विचारलं.

"महागडी चांगली असणारच. तिचं कसलं कौतुक? प्लॅस्टिकचा दस्ता, साधं पोलाद, आणि तरी चिखलापावसात दहा वर्षं इमान राखते, ती खरी."

शिकाऱ्यांच्या एका ऑनलाइन फोरमवर ते अशा रायफलींबद्दल पानंच्या पानं लिहीत. तिथे त्यांना मोठा मान होता. त्यांचं मत आल्याशिवाय काही लोक रायफल घेत नसत म्हणे.

दोन हजार सोळाच्या आसपासची गोष्ट. एका गुरुवारी संध्याकाळी खांबेटे आमच्या दारात उभे राहिले. शर्टाची बटणं चुकीच्या काजांत, चेहरा लाल.

"साने, डग येतोय. परवा."

डग हा न्यूझीलंडमधला म्हातारा शिकारी. सहा वर्षांपूर्वी त्यानं फोरमवर तक्रार केली होती, की नवी स्वस्त रायफल घेतली, थंडीत चाप दगडासारखा होतो, आता विकून टाकतो. खांबेट्यांनी त्याला तीन पानी पत्र लिहिलं, की दोष रायफलीचा नाही, आत थिजलेल्या तेलाचा आहे, आधी ती साफ करून घे. डगनं केली आणि चाप सुधारला. तेव्हापासून दोघांची पत्रं चालू होती. आता तो लंडनला मुलीकडे निघाला होता आणि वाटेत एक दिवस सिंगापुरात थांबणार होता, केवळ खांबेट्यांना भेटायला.

"मग छानच की," मी म्हणालो.

"छान काय? त्याला वाटतं मी मुरलेला शिकारी आहे. मी खोटं काही बोललो नाही. मी लिहिलं होतं, की लाखो दाब या बोटाखालून गेलेत. बटणांचे, हे लिहायचं राहिलं." ते खुर्चीत बसले, लगेच उठले. "तुम्ही बरोबर चला. मला एकट्याला जमायचं नाही."

शनिवारी आम्ही लिटिल इंडियातल्या एका शाकाहारी हॉटेलात जाऊन बसलो. खांबेट्यांनी तीनदा टेबल बदललं. डग आला तो दारातच वाकून, इतका उंच. बाहेरच्या उकाड्यानं घामाघूम झाला होता. त्यानं खांबेट्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

डोसे आले. खांबेट्यांनी पहिला घास मोडला आणि खाली ठेवला. "मिस्टर डग, मला एक सांगायचंय. मी आयुष्यात रायफल हातात धरलेली नाही."

डगनं तोंडातला घास शांतपणे संपवला. "मला चौथ्या पत्रातच कळलं होतं. तुम्ही एकदाही हरणाबद्दल लिहिलं नाहीत. शिकारी असता तर पहिल्या पत्रात मोजून शिंगं सांगितली असतीत."

मी हसलो. खांबेटे मात्र कानापर्यंत लाल झाले. मग डगनं खिशातून एक मळकी वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. दोन वर्षं रोज सकाळी उठून, बूट चढवून तो शेताच्या कुंपणापर्यंत जात होता आणि रिकाम्या रायफलीचा चाप दहा वेळा ओढून नोंद करत होता. तारीख, हवा, चाप कसा वाटला. एकही दिवस सुटला नव्हता. खांबेट्यांनी टिकाऊपणाच्या चाचणीसाठी तसं कळवलं होतं.

खांबेट्यांनी पानन् पान वाचलं. "अठ्ठावीस जूनला, तुमच्या ऐन हिवाळ्यात, हिमवर्षाव असताना बाहेर गेलात?"

"तुम्ही रोज म्हणाला होतात," डग म्हणाला.

चार तास कसे गेले कळलं नाही. खांबेटे हवेत बोट वाकवून चाप समजावत होते, डग स्टीलच्या पेल्यावर ठोकून आवाज काढून दाखवत होता, आणि वाढपी आमच्या टेबलाशी जरा जपूनच येत होता. इतके खुललेले खांबेटे मी कधी पाहिले नव्हते.

डगला टॅक्सीत बसवून आम्ही एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, परत निघालो. वही खांबेट्यांच्या मांडीवर होती. मी डेटाच्या धंद्यातला माणूस. म्हणालो, "दोन वर्षांचे आकडे आहेत. रिपोर्ट दाखवा की एकदा."

"रिपोर्ट नाहीये."

"म्हणजे?"

"त्या रायफलीला काही होणार नव्हतं. पत्रांच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं मला." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. पत्रं थांबली. मग एकच आलं, की अंथरुणातून उठावंसं वाटत नाही. त्याला काय लिहिणार? चाचणी अर्धवट राहिलीय, एवढंच लिहिलं."

दोन स्टेशनं गेली.

"आमची ही, सुमन, गेली तेव्हा सगळे म्हणाले, विश्रांती घ्या. ऑफिसनंही रजा दिली. सहा महिने अंथरुणातच विश्रांती घेतली, साने." एवढं बोलून त्यांनी वही पिशवीत ठेवली.

चोआ चू कांग आलं. गाडीतून उतरताना मी म्हणालो, "खांबेटे, उद्या सकाळी मोकळे आहात का? आमच्याकडे एक कपाट जोडायचंय. मला एकट्याला जमत नाहीये."

"किती फळ्यांचं?" त्यांनी लगेच विचारलं.

"पाच," मी म्हणालो. त्यांना घरी सोडलं आणि दुकान बंद व्हायच्या आत कपाट आणायला धावलो.