सुभेदारांची दाटलेली साखर

"ह्या बाईला बाटली न्हाई पुरायची, बादली लावा!"

साखर तपासायला रक्त द्यायच्या रांगेत माझ्या मानेमागं कुणीतरी पुटपुटलं. मी वळून बघितलं नाही. वळायला जागा लागते, आणि रांग अरुंद होती.

ही तपासणी आमच्या ह्यांची, निवृत्त सुभेदार उदयसिंहांची कल्पना. माझं वजन ब्याण्णव, त्यांचं बावन्न. आमच्यात साखर कुणाला होणार, ह्यावर सबंध साताऱ्याचं एकमत होतं!

"तुजी साखर आज पकडतोच," हे म्हणाले. "मी आपला सोबतीला हात पुढं करतो. तेवढाच तुला धीर!"

गेलं वर्षभर माझ्या ताटातलं गोड त्यांनी बंद केलं होतं. पण फौजी माणूस अन्न टाकत नाही. त्यामुळं माझ्या वाटणीची पुरणपोळी, बासुंदी, लाडू, सगळं कर्तव्य म्हणून तेच संपवायचे! आणि तरी वाळत चालले होते. पट्ट्याला नवी भोकं पाडून घेत मला ऐकवायचे, "ह्याला म्हनत्यात फिटनेस!" तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे, रात्री उठउठून मोरीकडं जायचे. मला सगळं दिसत होतं. बोलत नव्हते.

संध्याकाळी लॅबमधल्या रेश्मानं आम्हा दोघांना बसवून घेतलं.

"काकू, ही तीन महिन्यांची सरासरी साखर असते. तुमची अगदी व्यवस्थित आहे. काकांची मात्र नऊच्या वर गेलीय. साडेसहाला आम्ही मधुमेह धरतो."

"बाटल्या बदलल्यात!" सुभेदार गरजले. "पोरी, आमच्या दोघांकडं येकदा नीट बघ की!"

"काका, साखर वजन बघून येत नाही. बारीक माणसालाही होते. उपाशीपोटी परत तपासा आणि डॉक्टरांना दाखवा."

"तपासतो! पन हितं न्हाई. तुमची मशीनच बिघडलीया!"

लगेच एसटीनं सांगली गाठली. तिथं माधवनगरात माझी नणंद संयोगिता राहते. सासूबाईही सध्या तिच्याकडंच. सकाळी उपाशीपोटी दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. मी एका खोलीत, हे दुसऱ्या खोलीत, मधल्या दाराला कडी! रक्त काढून झाल्यावर दंडावरचा कापूस दाबत हे बाटलीमागोमाग थेट मशीनपर्यंत गेले. शत्रूचा सरदार कैद करून नेत असल्यासारखे!

"आवं, बाहीर थांबा!" तिथला माणूस ओरडला.

"थांबतो. पन नजर बाटलीवर हाय!"

आकडे तेच आले. उपाशीपोटीची साखरसुद्धा चढलेली.

संयोगिताच्या घरी परतल्यावर कुणी कुणाकडं बघेना.

"दादा, उन्हामुळं झालं आसंल," संयोगिता म्हणाली.

"एसटीचे धक्के लय बसले," मीही रेटलं.

सुभेदार येरझाऱ्या घालता घालता थांबले. "समाजलं! आगं, साखर दोघांची तेवढीच. हिची ब्याण्णव किलोत पसरलीया, माजी बावन्न किलोत दाटलीया! गुळाचा खडा घागरीत टाकला तर पानी अगोड, तांब्यात टाकला तर काकवी!"

"व्हय की, दाटलीया!" आम्ही दोघींनी माना अशा हलवल्या की माझ्या कानातली कुडी सैल झाली.

"मग वजन वाढवायचं. आपोआप पातळ हुती का न्हाई बघ! संयोगिता, शिरा टाक!"

आणि त्या येड्या बाईनं खरंच कढई ठेवली! तिच्याहून येडी मी, तुपाचा डबा काढून दिला. रवा भाजल्याचा वास सुटला. ताटली पुढं धरून सुभेदार उभे होते.

"कढई उतरीव." कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या.

"आये, आगं, थोडा..."

"उदय, तुला साखर झालीया."

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले, पण आवाज हलला नाही.

"तुजा बा बी आसाच बारीक हुत गेला. समदं गाव म्हनायचं, गडी लय काटक हाय. आमी बी काटकच म्हनत ऱ्हायलो, पार त्यो जाईस्तवर."