जमिनीपासून एक मीटर, भिंतीपासून एक मीटर

पळसुलेकाका आमच्याकडे आले की आधी माणसांकडे पाहत नाहीत, हवेकडे पाहतात. दार उघडलं की उंबरठ्यावरच थांबतात, धूळ मोजायचं यंत्र समोर धरतात आणि म्हणतात, "हलू नका!" मग आम्ही आपल्याच घरात चोरासारखे उभे. आकडा दिसला की काका "हं" म्हणतात. हे "हं" चांगलं की वाईट, ते विचारायचं नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बरं-वाईट नंतर. आधी मोजा."

काका एका कॉलेजच्या जंतूंच्या प्रयोगशाळेतून रिटायर झाले. दोन वर्षांपूर्वी सुधाकाकू गेल्या आणि तेव्हापासून काका बिल्डिंगमधल्या घरांची हवा मोजून राहिले. दर रविवारी एक घर. झाकणाची काचेची बशी, तिच्यात त्यांनी स्वतः शिजवलेली जेली. ती एक तास उघडी ठेवायची, जमिनीपासून एक मीटर, भिंतीपासून एक मीटर. हवेतले जंतू तिच्यावर पडतात, दोन दिवसांत त्यांचे ठिपके उगवतात. काका ते मोजतात आणि लगेच बशी कुकरमध्ये उकळून काढतात. आमच्या नेपियर टाउनच्या फ्लॅटमध्ये चारी भिंतींपासून मीटरभर लांब अशी एकच जागा आहे, हॉलच्या मधोमध. तिथे स्टुलावर बशी, आणि आम्ही तिला प्रदक्षिणा घालत चहा नेतो.

माझ्या बायकोला, सुमनला, मात्र हा इज्जतीचा सवाल वाटला. "महिला मंडळात माझं घर सगळ्यात साफ म्हणतात. काकांच्या मोजणीत खराब निघालं तर?" आमच्या पाळीच्या रविवारी तिनं काका यायच्या पाच मिनिटं आधी सगळं घर खसाखसा झाडलं, गालिचा झटकला आणि वर लोबानाचा धूर केला.

काकांनी यंत्र धरलं. आकडा असा चढला की यंत्रावर लाल दिवाच लागला.

"अगंबाई! काहून असं? आत्ता तर झाडलं!" सुमन रडकुंडीला आली.

"झाडलं म्हणूनच, सुनबाई. खाली बसलेली धूळ तुम्ही उठवली. त्यात धूर."

म्हणजे घर साफ केल्यानं हवा घाण झाली. मग न झाडणारे लोक काय आजवर बरोबर होते? माझं डोकं काही चालेना.

मंगळवारी तर कहर झाला. बशीवर ठिपक्यांची नुसती गर्दी. आणि काका खूश! बशी उजेडात धरून म्हणाले, "वा! काय घर आहे!" सुमन दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलली नाही.

मग मात्र मी तावातावानं खाली काकांकडे गेलो. त्यांच्या टेबलावर दोन बश्या होत्या. एकीवर आमचं आडनाव, ती अजून उकळलेली नव्हती. दुसरीवर लिहिलं होतं, 'स्वतः'. ती कोरी होती, नावालाही ठिपका नाही.

"अच्छा! म्हणजे पहिला नंबर तुमचाच!" मी टोमणा मारला.

काका हसले नाहीत. "दर वेळी अशीच येते. जंतू माणसांच्या अंगावरून उडतात, येण्याजाण्यानं, बोलण्यानं. इथे बोलायला कोण आहे? एकदा मी बशीसमोर बसून तासभर मोठ्यानं पेपर वाचला. पाच ठिपके आले." मग हळूच म्हणाले, "तुमची बशी पाहिली ना, की बरं वाटतं. सुधा होती तेव्हा आमचीही अशीच यायची."

भांडायला गेलेला मी तसाच परत आलो. सुमनला सांगितलं. तिनं डोळ्याला पदर लावला आणि रविवारच्या पोह्यांची तयारी सुरू केली.

त्या रविवारी आम्ही सगळे काकांकडे. पोहे, खोव्याची जलेबी आणि आमची लेक मिनी, जी मराठी समजते पण हिंदीच बोलते. स्टुलावर 'स्वतः'ची बशी उघडी.

"अरे, हे काय करून राहिले? रीडिंग बिघडेल!" काका पुरते गोंधळले.

"काका, बशी के पास जाके बोलूँ क्या?" मिनीनं विचारलं.

"बरं-वाईट नंतर, काका," सुमन म्हणाली. "आधी मोजा."

तासाची बशी, पण आम्ही तीन तास बसलो. काकांनी सुधाकाकूंच्या गोष्टी सांगितल्या, हसले, खोकले, पोहे सांडले.

मंगळवारी सकाळी काका दम लागेपर्यंत जिने चढून आले. यंत्र नाही, "हलू नका" नाही. हातात फक्त झाकलेली बशी. "सुनबाई! उगवलं! तीनदा मोजलं, तरी चुकतोय!"

"आता कुकर लावा, काका," मी म्हणालो.

"हो हो, लावतो. उद्या लावतो."

या गोष्टीला महिना झाला. बशी अजून सुधाकाकूंच्या फोटोपाशी आहे, जमिनीपासून एक मीटरवर.