बंगईसाठी पाच भोकं

भैयाजी बिसेनांनी बायकोला बंगई देतो म्हणून शब्द दिला, त्याला यंदाच्या वैशाखात चौतीस वर्षं झाली. बंगई म्हणजे आपला घरातला झोपाळा हो. वर दोन कड्या, त्यांतून उतरणाऱ्या साखळ्या आणि खाली रुंद सागवानी फळी. शकुंतलाबाईंच्या माहेरी तशी होती. पाठवणीच्या वेळी सासरे डोळे पुसत म्हणाले होते, "जवाईबापू, पोरीले बंगईची सवय हाये. बाकी काई मांगत नाही ते." आणि भैयाजींनी नवरदेवाच्या तोऱ्यात सांगून टाकलं होतं, "आखाडीच्या आत टांगतो." म्हणजे आषाढाच्या आत, जेमतेम दोन महिन्यांत.

आता माणूस अगदीच खोटा होता असं नाही. फळी त्यांनी पुढच्याच वर्षी आणली. पण दवनीवाड्यातलं तेव्हाचं घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, आणि त्याचं आढं वाळवीनं पोखरलेलं. त्याला बंगई टांगली असती तर घरच खाली आलं असतं. म्हणून फळी तात्पुरती पाण्याच्या हंड्यांखाली गेली आणि तात्पुरतीच तिथे तेहतीस वर्षं राहिली. सहा वर्षांपूर्वी स्लॅबचं घर झालं, पण तोवर बंगईचा विषय भैयाजींच्या डोक्यातून साफ उतरला होता. शकुंतलाबाईंनीही तो कधी काढला नाही.

नव्या घरात भैयाजींना सगळ्यात जास्त कौतुक होतं ते ओसरीतल्या दांडीचं. ओसरीच्या छताला दोन जाड लोखंडी कड्या होत्या. त्यांत दोर ओवून त्यांनी कपडे वाळवायला बांबू टांगला होता. येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडावर ओला गमछा बसायचा, पण भैयाजी प्रत्येक पाहुण्याला हटकून सांगत, "टेकचंद मिस्त्रीचं डोस्कं पाहा! पान्याच्या दिवसात कपडे वाळवाची सोय त्यानं स्लॅबमधीच करून देल्ली."

तर गेल्या महिन्यात शकुंतलाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नागपुरात झालं. मुलगा भूपेंद्र तिथेच नोकरीला, त्यामुळे त्या त्याच्याकडे होत्या. ऑपरेशन झाल्यावर भैयाजी इकडे एकटेच परतले. पंधरा दिवसांत त्यांना तीन गोष्टी कळल्या. भातात पाणी किती घालायचं हे कुठेही लिहिलेलं नसतं. मीठ कुठल्या डब्यात आहे हे फक्त एका माणसाला माहीत असतं. आणि तो माणूस घरात नसला की घर खायला उठतं, हे लोक म्हणतात ते खरं असतं. ऑपरेशन चालू होतं तेव्हा ते दवाखान्याच्या पायरीवर बसून देवाला म्हणाले होते, "येवढ्या खेपेला धड परत दे बापा, मंग काई मांगत नाही."

देवानं धड परत दिली. बुधवारी सकाळी शकुंतलाबाईंचा फोन आला. "शुक्रवारी येऊन रायली मी. डाक्टर म्हणे, पाय लोंबते सोडून बसाचं आन् हळूहळू हलवाचे. मी म्हटलं, बंगई असती तं बरं झालं असतं." असं म्हणून त्या हसल्या आणि फोन ठेवला.

भैयाजींच्या हातातलं कालथं तिथेच राहिलं. चौतीस वर्षांत बाईनं बंगई हा शब्द पहिल्यांदा तोंडातून काढला होता, आणि तोही हसत. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कढईतली भाजी करपली तरी वास आला नाही. शुक्रवारी बाई उंबऱ्यात पाय ठेवेल तेव्हा बंगई टांगलेली असेल, आणि तोवर कोणाला सुगावा लागू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. टेकचंदला तर मुळीच नाही. तो म्हणजे तोंडाचा ढोल. त्याला सांगणं आणि गावात दवंडी देणं सारखंच.

तासाभरात ते गोंदियाच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात उभे होते.

"काकाजी, छत स्लॅब का है ना? फिर फास्टनर ले जाओ," दुकानदार म्हणाला. त्यानं मागे नळी असलेले दोन जाडजूड हुक काउंटरवर ठेवले. "छेद करो, अंदर डालो, कसते जाओ. नली अंदर फूल जाएगी. फिर हाथी झूले तो भी नहीं निकलेगा."

"हाथी नाही, बायको बसनार हाये," भैयाजी गंभीरपणे म्हणाले.

"तो फिर टेन्शनच नहीं. बस, छेद एकदम सीधा रखना."

आता छेद पाडायला ड्रिल मशीन हवी. ती गावात शेजारच्या घनश्यामकडे होती. त्यानं हौसेनं ऑनलाइन मागवलेली, अजून खोक्यातून न निघालेली. घनश्याम शपथा घेऊन गुपित ठेवायला तयार झाला, पण त्याची एक अट होती. "मशीन एकटी कुटंच जात नाही, भैयाजी. तिच्यासंग मी येतो." आणि घनश्याम म्हणजे शंभर किलोला दोनतीन कमी.

छतापर्यंत हात पोचायला शिडी नव्हती. पण घरच्या खाण्यासाठी ठेवलेले धानाचे कट्टे होते, चाळीस-चाळीस किलोची पोती. दोघांनी ते हॉलच्या मधोमध रचले. भैयाजी वर चढले, गणपतीचं नाव घेतलं आणि मशीन छताला लावली. घर्रर्र आवाज झाला, छतातून निळी ठिणगी उडाली आणि हॉलमधली वीज गेली. पहिलं भोक विजेच्या वायरच्या नळीत गेलं होतं.

"आंगाले नाही ना लागली?" घनश्यामनं विचारलं.

"मले नाही लागली."

"तुमाले नाही गा, मशीनले म्हनतो मी!"

मशीन ठणठणीत होती, पण आता तिला वीज कुठली? शेजारच्या तुलसाबाईंच्या घरून वायर ओढावी लागली. तुलसाबाई सत्तरीच्या. त्यांच्या घरातून वायर बाहेर जाते आणि ती कशासाठी हे त्यांना कळत नाही, असं होणं शक्यच नव्हतं. वायरीच्या मागोमाग त्या हॉलमध्ये आल्या, फळी पाहिली, साखळी पाहिली आणि गालावर हात ठेवून म्हणाल्या, "बाई वं! शकुंतलेसाठी बंगई! कोनाले नाही सांगत मी." त्या पदर सावरत बाहेर पडल्या आणि संध्याकाळपर्यंत आख्ख्या आळीला कळलं.

दुसरं भोक सळाखीवर जाऊन अडलं. तिसरं बरं जाऊ लागलं, पण मध्येच भैयाजींना वाटू लागलं की छत उंच होत चाललंय. हात पुरेना, म्हणून ते चवड्यांवर उभे राहिले. तरी छत वरच जात होतं. शेवटी घनश्याम ओरडला, "भैयाजी, छत नाही जाऊन रायलं, तुमी येऊन रायले खाली!" सगळ्यात खालच्या कट्ट्याला उंदरानं भोक पाडलं होतं. मशीनच्या हादऱ्यानं त्यातून धान भुरभुर वाहत होतं आणि भैयाजी एका अंगाला कलत, मशीनसकट सावकाश उतरत होते. भोक अर्थातच तिरपं गेलं, शिवाय रुंदही झालं. चौथं पुन्हा सळाखीवर अडलं. पाचवं पाडेपर्यंत कट्टा बराच रिकामा झाला होता, त्यामुळे तेही तिसऱ्याच्याच वळणावर गेलं.

"दोनी एकसारखेच तिरपे हायेत," घनश्याम समाधानानं म्हणाला. "जोडी जमली."

रुंद भोकांत बांबूच्या कपच्या ठोकून फास्टनर बसवले, पाने लावून कसले. गुरुवारी दुपारी बंगई टांगली गेली. फळी घेतल्यामुळे पाण्याचे हंडे जमिनीवर आले होते, जमिनीवर धान पसरलं होतं, हॉलमध्ये वीज नव्हती. पण बंगई होती. भैयाजींचा ऊर भरून आला.

आता इथेच थांबले असते तर? पण माणूस प्रेमानं करायला लागला की थांबत नाही. ऑपरेशन केलेली बाई बसणार, म्हणजे आधी वजन टाकून पाहायला नको? एक कट्टा ठेवला, बंगई टिकली. दोन ठेवले, टिकली. तुलसाबाई म्हणाल्या, "धान मुकाट्यानं बसते गा, मानूस हालते. मानूस बसवून पाहा." म्हणून त्या स्वतः बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मग आळीतली प्रेमिला आली. वच्छला आली. शकुंतलाबाईंनी कोणाच्या बाळंतपणात रात्री काढल्या होत्या, कोणाच्या लग्नात शंभर माणसांचा स्वयंपाक उरकला होता. प्रत्येकीला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं, आणि करण्यासारखं एकच होतं, बसून पाहणं. शुक्रवारी सकाळपर्यंत चौदा माणसांनी शकुंतलाबाईंच्या काळजीनं झोके घेतले.

पंधरावा घनश्याम. "माह्या वजनाले टिकली तं वहिनीले जल्मभर पाहाचं काम नाही," असं म्हणून तो बसला आणि पायानं एक रेटा दिला. वर 'कर्रक' झालं. तुलसाबाईंच्या चहात छताचा एक तुकडा पडला. दोन्ही हुक चांगले दोन बोटं खाली सरकले आणि तिथेच लोंबत राहिले.

"उठ," भैयाजी कुजबुजले.

"उठलो तं हालन ना गा," घनश्यामही कुजबुजला.

त्याच क्षणी दारात ऑटो थांबला.

भूपेंद्रचा हात धरून, वॉकर टेकत शकुंतलाबाई दारात आल्या. त्यांनी अंधारा हॉल पाहिला. जमिनीवरचं धान पाहिलं, हंडे पाहिले, श्वास रोखून बंगईवर बसलेला घनश्याम पाहिला. मग वर पाहिलं.

"बाबा, हे काय करून ठेवलं?" भूपेंद्र म्हणाला.

भैयाजी बायकोकडे वळले. "तुयासाठी..." ते बायकोला म्हणाले. "तुया बाबाले शब्द देल्ला होता. चौतीस वर्सं झाले. आन् आता टांगली तं हे बी टिकली नाही." गमछ्यानं तोंड पुसायच्या निमित्तानं त्यांनी डोळे पुसले.

शकुंतलाबाई एकेक भोक मोजत होत्या. "टेकचंदले नाही इचारलं?"

"त्याले कायले इचारतो? साऱ्या गावाले सांगितलं असतं त्यानं."

जमलेल्या चौदा जणांकडे शकुंतलाबाईंनी एकदा नजर फिरवली. वॉकर वळवून त्या टकटक करत ओसरीत गेल्या, दांडीखाली उभ्या राहिल्या आणि ओला गमछा हातानं बाजूला केला.

"ह्या कड्या कायच्या हायेत?"

"दांडीच्या," भैयाजी म्हणाले. "टेकचंदनं..."

"कपडे वाळवाले सोळा एमएमची जाड सळाख लागते? स्लॅब टाकला त्या दिवशी मी उभी राहून टाकून घेतल्या. टेकचंद ह्या कड्या स्लॅबच्या लोखंडाले बांधून रायला होता, आन् मी हंड्याखालची फळी आनून माप देत होती."

भैयाजींनी वर पाहिलं. दोन कड्यांमधलं अंतर फळीच्या लांबीएवढं होतं. अगदी बरोबर. सहा वर्षं ते त्या कड्यांवर स्वतःची लुंगी वाळत घालत होते, आणि वर पाहुण्यांना कौतुक सांगत होते.

"मंग सांगितलं काऊन नाही वं?"

"सांगितलं असतं तं तुमी दुसऱ्याच दिवशी टांगली असती. मंग ते माही मांगून घेतलेली बंगई झाली असती." त्यांनी गमछा दांडीवर परत सारखा केला. "मले तुमी देल्लेली पायजे होती."

"आन् मले आठवलंच नसतं तं?"

"तं दांडी काई वाईट नव्हती. लुगडे वाळत होते ना."

अर्ध्या तासात घनश्यामला अलगद उठवलं, दांडी उतरली आणि बंगई ओसरीत टांगली गेली. कोणी वजन टाकून पाहायचं नाही, असं भैयाजींनी बजावलं. शकुंतलाबाईंना हाताला धरून त्यांनी फळीवर बसवलं. त्यांचे पाय जमिनीवरून सुटले, लोंबकळले आणि दुखरा गुडघा हळूच पुढे गेला, मागे आला. कड्यांनी हूं की चूं केलं नाही. बाईंनी डोळे मिटले. चेहरा असा झाला की माहेरच्या अंगणात गेल्या असाव्यात. भैयाजी बाजूला हात जोडल्यासारखे उभे होते. देवाला जोडले होते की बायकोला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"उपकार झाले तुये," ते एकदम म्हणाले. "धड आली, तेच लय झालं."

"उभे काऊन रायले? बसा इथं."

"दोघाचं वजन..."

"बसा म्हनते ना."

ते बसले.

संध्याकाळी टेकचंद सिमेंटचं घमेलं घेऊन आला. खबर त्याला लागली होतीच. "वहिनी, हॉलमधले भोकं बुजवून टाकतो. लय इद्रूप दिसून रायले."

"हात नको लावू," शकुंतलाबाई बंगईवरून म्हणाल्या. "माह्या बापानं मले एक बंगई देल्ली होती. पन माह्यासाठी कोनी छत नव्हतं फोडलं. ते भोकं राहू दे."

भोकं तशीच आहेत, पाचच्या पाच. दोन बोटं सरकलेले ते हुक मात्र वाया गेले नाहीत. बंगई नाही पेलली तरी बांबू त्यांना सहज पेलतो. म्हणून दांडी आता हॉलमध्ये आहे. पाहुणा आत आला की ओला गमछा त्याच्या तोंडावर बसतो. तो दचकून वर पाहतो, आणि ओसरीतून बाईंचा आवाज येतो, "पाह्यले का भोकं? आमच्या ह्यायनं पाडले!"