बिनपगडीच्या सरदारांचा ड्रायर

आमच्या शेजारचे सरदारकाका कुणाच्याही घरात सरळ पाऊल टाकत नाहीत. आधी उंबऱ्यावर उभे राहतात, हातातली लांब काठी उचलून छताला ठोकतात, मान तिरकी करून ऐकतात आणि मग म्हणतात, "हां, बरोबर बोलून राह्यलं." छत बरोबर बोललं तरच काका आत येतात. नाही बोललं तर अंगणातच खुर्ची मागतात. "आधी वर पाहाव, मंग पाय टाकाव," हे त्यांचं वाक्य राजूरच्या आमच्या क्वार्टरांच्या ओळीत सगळ्यांना पाठ आहे.

सरदार हे त्यांचं आडनाव नाही. कोळशाच्या खाणीत पाळी सुरू होण्याआधी जो आत जातो, छत ठोकून पाहतो, हवा खेळते की नाही ते बघतो आणि मगच मजुरांना आत सोडतो, त्याला सरदार म्हणतात. काकांनी उमेदीची सगळी वर्षं हेच केलं. ते निवृत्त झाले, काठी झाली नाही. त्यांचं खरं नाव रामकृष्ण आहे, हे मला त्यांच्या घरी आलेल्या एका लग्नपत्रिकेवरून कळलं.

एकदा मला पाहायला पाहुणे आले होते. मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी, आणि आत काका मुलाच्या वडिलांच्या डोक्यावरचं छत ठोकत होते.

"साहेब, जरा इकडं सरका. तिथं पोकळ बोलून राह्यलं."

ते गृहस्थ सरकले. मग मुलगा सरकला, मग त्याची आत्या. शेवटी सगळे पाहुणे एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसले आणि माझ्याऐवजी छताकडेच बघत राहिले. मी मनातून काकांचे आभार मानले. पुढे ते स्थळ पडलं. प्लास्टर अजून जागेवर आहे.

राजूरमध्ये कपडे वाळत घालायला धीर लागतो. सकाळी पांढरा टाकलेला शर्ट संध्याकाळी तारेवरून राखाडी होऊन उतरतो. आम्ही त्या रंगाला सरावलो आहोत. सरदारकाकांच्या बायकोची, कुसुमकाकूंची छाती मात्र सरावली नाही. खोकला वाढत गेला तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी त्यांना धुळीपासून लांब ठेवा म्हणून सांगितलं, आणि काकूंचे भाऊ येऊन त्यांना माहेरी, नेरला घेऊन गेले. तिकडे कापूस आहे, कोळसा नाही. भावाने काकांनाही आग्रह केला, "जावईबापू, तुमीही चला. घर मोठं आहे."

काकांनी काठी आपटली. "या वयात घरजावई होऊ काय? दात पडल्यावर बाशिंग बांधू?"

"मंग घरातली धूळ बंद करा. तोवर मी बहिणीला धाडत नाही," भाऊ म्हणाले.

झालं. काका धुळीच्या मागे लागले. खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्टी आली. दाराखाली ओलं पोतं आलं. आम्हाला आत जायचं असेल तर पायरीवर पदर, ओढण्या झटकाव्या लागत. तरीही धूळ यायचीच, कारण ती तारेवरच्या चादरी आणि कपड्यांत बसून रोज आरामात घरात शिरत होती. मग काकांनी यवतमाळच्या दुकानातून कपडे वाळवायचा ड्रायर मागवला.

"ड्रायर तर मशीनला असतेच ना, भाऊजी," माझी आई म्हणाली. आमच्याकडे कपडे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या टबालाच सगळे ड्रायर म्हणतात.

"तो पियते, वहिनी. हा वायवते." काकांच्या तोंडी 'य'च येतो, 'ळ' येतच नाही. वणीच्या इंग्रजी शाळेत मी तो कष्टाने शिकले. काकांचं त्याच्यावाचून काही अडलं नाही.

मशीन बसवायला आलेला माणूस पगडीवाले सरदारजी शोधत ओळभर फिरला. शेवटी काकांच्याच समोर उभा राहून म्हणाला, "अंकल, सरदारजी का घर कौनसा है?"

"मीच."

त्याने काकांच्या टकलाकडे पाहिलं. "आप?"

"पगडी धुवाले टाकली हाय," काका म्हणाले. "वायवाले तर मशीन मागवली."

त्याने जाड पिनेची जोडणी तपासली, मशीन समपातळीत ठेवली आणि मागून निघालेला हत्तीच्या सोंडेसारखा पाइप हातात धरून सांगितलं, की हा खिडकीतून बाहेर काढावा लागेल. यातून ओली गरम हवा निघते.

"खिडकी उघडत नसते इथं."

"अंकल, फिर भाप किधर जाएगी?"

"जाईन कुठंतरी."

तो माणूस खांदे उडवून गेला. सोंड खोलीतच लोंबत राहिली.

आठवडाभरात काकांच्या घराला घाम फुटला. भिंती ओल्या, कॅलेंडर गुंडाळलेलं, मिठाचं पाणी झालेलं. डब्यातले पापड चिंधीसारखे लवायला लागले. आणि कपडे? तासन् तास फिरून गरम व्हायचे, पण ओलसरच बाहेर यायचे. काका मशीनला काठीने ठोकायचे, कान लावायचे. मशीन काही बोलायची नाही.

मग मला बोलावणं आलं. "पोरी, तुया इंग्रजी शायेचा फायदा तरी होऊ दे. हे पुस्तक वाच."

मी वाचून सांगू लागले. लिंट या शब्दापाशी अडले. त्याला मराठीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. मी जाळी ओढून काढली आणि तिच्यावर जमलेला कपड्यांचा मऊ भुगा दाखवला. काकांनी तो बोटावर घेतला.

"म्हणजे मशीनले दाढी येते."

तेव्हापासून काका रोज सकाळी भिंतीपलीकडून ओरडून आईला सांगत, "वहिनी, मशीनची दाढी केली आज."

पण त्या दिवशी दाढी करूनही कपडे वाळले नाहीत. मी पुढचं पान वाचलं. खोली बंद असेल तर मशीन आपणच सोडलेली ओली हवा परत आत ओढते आणि कपडे वाळत नाहीत, असं तिथं स्पष्ट लिहिलं होतं. हे मी काकांना कसं सांगायचं? आयुष्यभर ज्याने खाणीत हवा मोजली त्या माणसाला? मी खाली मान घालून पुटपुटले, "काका, हवेला वाट पाहिजे म्हणतात."

"हे मले पुस्तकानं सांगाव काय?" ते म्हणाले, पण रागावले नाहीत. स्टुलावर बसले. "इकडून आत, तिकडून बाहेर. जिंदगीभर तेच केलं. समजते मले सारं."

"मग?"

"मंग वाट केली का धूय येते, पोरी. धूय आली का बुढी येत नाई."

मशीन नुसतीच गरगरत होती. मी पुस्तक मिटलं.

दोन दिवस काका घराबाहेर दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या खिडकीच्या एका काचेच्या जागी लाकडी फळी होती, फळीला गोल भोक, भोकातून पाइप, आणि बाहेरून सायकलच्या ट्यूबचा कापलेला तुकडा पडद्यासारखा लावलेला. मशीन सुरू झाली की आतली हवा तो पडदा ढकलून बाहेर पडे, बंद झाली की पडदा पडून भोक झाके. आता कपडे कडक वाळू लागले. ज्या दिवशी ते पहिल्यांदा वाळले, त्या दिवशी काकांनी ओळीत पेढे वाटले आणि नेरला फोन करून मेहुण्याला चिमटा काढला, "धूय संपली, भाऊ. आता माल वापस करा."

पुढचे काही आठवडे ती मशीन सारखी चालू असे. एकट्या माणसाचे असे किती कपडे असणार, याचं मला नवल वाटे. एकदा काकांना ताप होता म्हणून आईने मला त्यांच्याकडे खिचडी घेऊन पाठवलं. काका म्हणाले, तेवढी दाढी कर. मी जाळी काढली. तिच्यावरचा भुगा गुलाबी होता, मध्ये पिवळसर, कडेला हिरवट. मशीनमध्ये काकूंच्या सुती साड्या होत्या, पोलकी होती, काकूंच्या अंथरुणाची चादर होती. यातलं काहीच कुणी वापरत नव्हतं, तरी ते पुन्हा पुन्हा धुतलं जात होतं. काकांचे स्वतःचे शर्ट बाहेर तारेवर होते, राखाडी. मी जाळी साफ करून परत बसवली. कुणाला काही विचारायची आमच्यात पद्धत नाही, आणि मला तर ते मुळीच जमत नाही.

दिवाळीनंतर काकू आल्या. राहून पाहते, जमलं तर थांबते, अशा बोलीवर आल्या होत्या. काका दारात सरकून उभे राहिले, त्यांना वाट दिली. काकूंनी कपाट उघडलं, घड्यांना नाक लावलं आणि एक हिरवं पोलकं घालून, साडी नेसून बाहेर आल्या. बाह्या कोपराच्या पार वर चढल्या होत्या.

"अवं माय, आटलं की हे," आई म्हणाली. "भाऊजी, तुमच्या मशीननं वाट लावली पोलक्याची."

"सारेच आटले," काकू हसल्या. "पण अंगात पाहा ना, कसं बरोबर बसलं. पह्यलंच आहे असं, जे मले ढिलं नाही होत. मशीननं माप घेतलं जसं काही."

आई हसली. मीही हसले. काका हसले नाहीत. ते त्या पोलक्याकडे बघत होते. इतकं आकसलेलं कापडही काकूंच्या दंडाभोवती सहज फिरत होतं. काकू खोकल्या, हसण्याने आलेला खोकला असावा तशा. काकांनी उठून पाणी आणलं आणि भांडं त्यांच्या हातात देताना त्यांचं मनगट थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ऑटो उभा होता, वणीच्या बसस्टँडवर जायला. काकूंची पिशवी होती. शेजारी काकांची पत्र्याची पेटी.

"भाऊजी, तुमी बी?" आई म्हणाली. "मशीनचं काय मंग?"

"तुमी वापरा, वहिनी. दाढी करत जा." त्यांनी किल्ली आईकडे दिली. काकू आधीच आत बसल्या होत्या, नाकावर पदर धरून. काका एक पाय ऑटोत ठेवून थांबले, माझ्याकडे वळले आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "काहून वं पोरी, नेरले लोकं काय म्हणतीन मले?"

मला वेळेवर कधीच काही सुचत नाही. त्या दिवशी सुचलं.

"जावईबापूच म्हणतील, काका."

काकांनी मान डोलावली, पण पाय काही उचलला नाही. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "बसा आता, जावईबापू. बस निघून जाईन."